कुणी विचारलेच नाही

युद्धाच्या गोष्टी दुरून ऐकायला रम्य असतात, असे आपल्याकडे जुने लोक म्हणत आले आहेत. त्यात खोटे काही नाही. आपल्यापैकी बहुतेकांची युद्धाशी पहिली ओळख झाली ती गोष्टींतून आणि पोवाड्यांतूनच. पुढे शाळेच्या पुस्तकात सनावळ्या आल्या, मग हिंदी सिनेमे आले, आणि १९९९ साली कारगिलच्या वेळी युद्ध थेट आपल्या दिवाणखान्यात येऊन बसले. आता तर सीमेवर जरा कुठे खुट्ट झाले, की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दहा माणसे एकाच वेळी तावातावाने बोलू लागतात. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. शाहीर बोलतो, सेनापती आत्मचरित्र लिहितो, पुढारी भाषण ठोकतो, निवेदक ओरडतो. प्रत्यक्ष खंदकात उभा राहिलेला साधा शिपाई तेवढा गप्प असतो. त्याच्याविषयी सगळे बोलतात. तो स्वतः काय म्हणतो, हे क्वचितच आपल्या कानी पडते.

हा विचार मनात पक्का रुजला तो एका माहितीपटामुळे. ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ हे त्याचे नाव. ‘ते कधी म्हातारे होणार नाहीत’ असा त्याचा साधा अर्थ. पहिले महायुद्ध संपल्याला २०१८ साली शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने तो तयार झाला. दिग्दर्शक पीटर जॅक्सन. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे भव्य चित्रपट काढणारे हेच ते गृहस्थ. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमपाशी त्या युद्धाची जुनी मूक चित्रफीत मोठ्या प्रमाणावर जपून ठेवलेली आहे. त्यातली सुमारे १०० तासांची फीत जॅक्सन यांच्या हवाली करण्यात आली. जोडीला या म्युझियमने आणि बीबीसीने वेळोवेळी ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या सैनिकांच्या मुलाखती होत्या, त्या सुमारे ६०० तासांच्या. एवढ्या ऐवजातून जेमतेम दीड-पावणेदोन तासांचा माहितीपट उभा राहिला. जॅक्सन यांनी त्याचे मानधन घेतले नाही. त्यांचे आजोबा त्या युद्धात लढले होते. त्यांना त्यांनी तो अर्पण केला आहे.

युद्धावरचे माहितीपट आपण पुष्कळ पाहिलेले असतात. धीरगंभीर आवाजाचा निवेदक, नकाशावर सरकणारे बाण, अमक्या तारखेला अमुक सैन्य तमुक नदीपाशी पोचले असे तपशील, मध्येच चष्मा लावलेले इतिहासाचे प्राध्यापक. या माहितीपटात यातले काहीही नाही. निवेदक नाही, तज्ज्ञ नाही, नकाशा नाही. तारीख नाही, लढाईचे नाव नाही, सेनापतीचेही नाव नाही. आहेत ते केवळ त्या युद्धात लढलेल्या माणसांचे आवाज. एकाचे वाक्य संपते न संपते तोच दुसरा बोलू लागतो, मग तिसरा. बोलणाऱ्याचे नावदेखील त्या वेळी पडद्यावर येत नाही. हळूहळू वाटू लागते, की ही शंभराहून अधिक माणसे नाहीतच, हा एकच शिपाई आहे आणि तो आपल्या शेजारी बसून सांगतो आहे.

चित्रांच्या बाबतीत जे केले आहे तेही सांगण्याजोगे आहे. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालवीत. सेकंदाला कधी दहा चित्रे पडत, कधी अठरा. पुढे सिनेमाचा वेग सेकंदाला चोवीस चित्रांचा ठरला आणि ती जुनी फीत त्या वेगाने दाखवू लागल्यावर माणसे तुरुतुरु, झटके दिल्यासारखी चालताना दिसू लागली. आपण त्यांना चार्ली चॅप्लिनच्या चित्रपटातल्या माणसांसारखे पाहत आलो. जॅक्सन यांच्या मंडळींनी संगणकाच्या मदतीने मधली चित्रे भरून काढली आणि चाल माणसाची केली. ओरखडे पुसले, रंग भरले. फितीला आवाज नव्हता. तेव्हा ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणारे जाणकार बोलावले आणि ते सैनिक त्या क्षणी काय म्हणत होते ते शोधून काढले. एवढ्यावर न थांबता, पलटण कुठल्या भागातली होती ते पाहून त्याच भागातल्या माणसांकडून ती वाक्ये बोलवून घेतली. आपल्याकडे कोल्हापूरच्या जवानाच्या तोंडी पुणेरी मराठी घातली तर कानाला खटकेल. तसे तिथे होऊ नये म्हणून केलेली ही खटपट.

सुरुवातीचा बराच वेळ चित्र लहानशा चौकटीत आणि कृष्णधवल राहते. भरती, कवायत, बूट चावणे, पोटभर जेवण मिळणे हे सारे त्या चौकटीत घडते. मग पोरे फ्रान्सच्या आघाडीवर पोचतात, आणि चौकट पाहता पाहता वाढत जाऊन सगळा पडदा व्यापते. रंग येतात, आवाज येतो. चिखल तपकिरी होतो, गवत हिरवे होते आणि इतका वेळ करड्या सावल्यांसारखी भासणारी माणसे एकदम आपल्यातली होतात. किडके दात, उन्हाने लाल झालेल्या माना, कॅमेऱ्याकडे पाहून लाजणारी, एकमेकांना कोपराने ढोसणारी ती पोरे पाहून पोटात कालवते. जुनी फीत रंगवणे हा इतिहासाशी केलेला खेळ आहे, अशी टीका तेव्हा काही अभ्यासकांनी केली होती. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. कारण रंग शेवटी आजच्या माणसाने अंदाजाने भरलेला आहे. पण माझ्या मते या माहितीपटाचे खरे बळ रंगात नाही. डोळे मिटून नुसता ऐकला तरी तो तितकाच काळजाला भिडेल.

काय सांगतात ही माणसे? पुष्कळांनी वय चोरून भरती गाठलेली. परदेशी आघाडीवर जायला एकोणीस वर्षे पुरी लागत. ही पोरे सोळा-सतरांची. भरती करणारा सार्जंट वय विचारतो, पोरगा खरे सांगतो, तेव्हा त्याला बाहेर जाऊन वय वाढवून परत यायला सांगितले जाते. तो जातो, येतो आणि एकोणीस म्हणून ठोकून देतो. मित्र गेले म्हणून कुणी गेले, कारकुनीचा कंटाळा आला म्हणून कुणी गेले, बाकी सगळे जात असताना मागे राहायची लाज वाटली म्हणून कुणी गेले. आपण कुठे आणि कशाला चाललो आहोत याची नीट कल्पना त्यांतल्या थोड्यांनाच होती.

आणि मग खंदकातला संसार. होय, संसारच. उवा, उंदीर, कुजका वास. दिवसचे दिवस पाण्यात उभे राहून सडणारे पाय. शौचाला जायचे म्हणजे खड्ड्यावर टाकलेल्या ओंडक्यावर ओळीने बसायचे. मशीनगनची नळी थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती पाणी भरलेले असे; गोळ्या झाडून ते उकळले, की त्याचाच चहा करायचा. हे सांगताना म्हाताऱ्यांच्या आवाजात तक्रार नसते. उलट कधी कधी हसू असते. दुसऱ्याच वाक्याला तोच आवाज शेजारच्या मित्राचे काय झाले ते सांगतो, आणि आपल्याला क्षणभर काही सुचत नाही.

प्रत्यक्ष हल्ल्याची चित्रफीत मात्र नाही. तेव्हाचा बोजड कॅमेरा घेऊन गोळ्यांच्या वर्षावात शिरणे शक्यच नव्हते. जॅक्सन यांनी तिथे त्या काळच्या सचित्र साप्ताहिकांतली रेखाचित्रे वापरली आहेत, आणि त्यांच्या मधूनमधून पोरांचे चेहरे. त्यांतल्या एका दृश्यात काही सैनिक एका खोलगट वाटेत हल्ल्याच्या हुकमाची वाट पाहत बसले आहेत. ही लँकेशायर फ्युजिलिअर्सची माणसे, आणि दिवस १ जुलै १९१६, सोमच्या लढाईचा पहिला. डोळ्यांत भीती आहे आणि ती लपवावी एवढेही त्राण उरलेले नाही. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांच्यातले बहुतेक मेले किंवा जखमी झाले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक ठार झाले. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा ५७,४७० वर गेला. हे आकडे पुस्तकात वाचताना आपण पान उलटतो. या पोरांचे चेहरे पाहिल्यावर ते पान उलटवत नाही.

आणखी एका गोष्टीने मला चकित केले. शत्रूविषयीचा द्वेष या आवाजांत जवळजवळ नाही. पकडलेले जर्मन सैनिक जखमींचे स्ट्रेचर उचलू लागतात, एकमेकांच्या टोप्या घालून बघतात, सिगारेटी वाटून घेतात. हीही आपल्यासारखीच पोटासाठी किंवा हुकमासाठी आलेली माणसे आहेत, असे त्यांना पकडणारेच सांगतात. द्वेषाचा सुकाळ होता तो आघाडीपासून दूर, गावोगावच्या सभांत आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत. आजही याहून निराळे चित्र असते असे म्हणवत नाही. रणांगणापासून जितके लांब, तितका आवाज मोठा!

माहितीपटाचा शेवट कुठल्या विजयसोहळ्याने होत नाही. लढाई थांबते तेव्हा आनंदाचा जल्लोष होत नाही. माणसे एवढी थकलेली असतात की आता उद्या काय, हाच प्रश्न पडतो. मग घर. आणि घरी कुणाला काही ऐकायचेच नसते. नोकऱ्या नसतात. आईबाप युद्धाविषयी बोलतात ते आपणच जास्त जाणतो अशा थाटात. एक जण आपल्या जुन्या दुकानात कामावर परत जातो. चार वर्षे मरणाच्या दाढेत काढून आलेल्या या माणसाला सोबतचा नोकर विचारतो, कुठे होतास रे इतके दिवस, रातपाळीला होतास काय? माहितीपट इथे संपतो.

हे सारे आपल्यापर्यंत पोचले कसे, याचा थोडा विचार केला पाहिजे. ते आपोआप पोचलेले नाही. १९६४ साली बीबीसीने ‘द ग्रेट वॉर’ ही सव्वीस भागांची मालिका काढली, तेव्हा तिच्या लोकांनी जुन्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. पुढे म्युझियमने हेच काम वर्षानुवर्षे चालवले. बोलणारे बहुतेक तेव्हा पासष्ट-सत्तरीच्या पुढचे होते. म्हणजे युद्ध संपल्यावर पन्नासेक वर्षांनी का होईना, पण कुणीतरी त्यांच्या दारात गेले, समोर बसले आणि म्हणाले, तुमचे सांगा, आम्ही ऐकतो. ती माणसे आज हयात नाहीत. त्यांचे बोलणे आहे. माझ्या लेखी या माहितीपटाचा पहिला धडा हाच. ऐकणारा वेळेवर पोचला, तरच शिपायाचे युद्ध इतिहासात उरते. नाही पोचला, तर उरते ते फक्त सेनापतींचे.

आणि इथे आपल्या घरचा प्रश्न उभा राहतो. हे युद्ध केवळ गोऱ्यांचे नव्हते. हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे त्यात सैनिक म्हणून किंवा सैन्याच्या हरकामासाठी गेली. सुमारे ७४,००० परत आली नाहीत. माहितीपटात जो चिखल दिसतो, त्याच फ्रान्सच्या चिखलात १९१४-१५च्या हिवाळ्यात आपली माणसे उभी होती. तिथल्या न्यूव शापेल या गावी त्यांचे स्मारक आहे आणि ज्यांची कबर वा समाधी कुठे आहे हे ठाऊक नाही अशा ४,७०० च्या वर हिंदी सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. जॅक्सन यांच्या माहितीपटात यांच्यापैकी कुणाचा आवाज नाही. त्यांनी आपला विषय ब्रिटिश पायदळापुरता आखून घेतला होता, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. लावायचाच तर आपण आपल्याला लावावा. विलायतेत जुन्या सैनिकांचे बोल टिपून घेतले जात होते, त्याच सुमारास आपल्या सातारा-रत्नागिरीच्या गावांतून, ओट्यांवर घोंगडी टाकून, त्याच युद्धातून परतलेले म्हातारे बसलेले होते. त्यांच्यापुढे यंत्र ठेवून ‘बोला’ म्हणण्याची तशी मोहीम आपल्याकडे झाली नाही.

मराठी माणसाचा या युद्धाशी सर्वांत जवळचा संबंध आला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे गेलेल्या तुकडीचे नावच मुळी सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. १०३वी, ११०वी आणि ११७वी. टायग्रिस नदीकाठच्या कुत या गावात ही सेना डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत गेले. घोडे मारून खायची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माला बाध येतो म्हणून ते मांस कित्येक आठवडे नाकारले आणि अंगातली शक्ती जाऊन ते आजारी पडले. विमानातून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, तोही अपुरा पडला. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली, आणि त्यांना वाळवंटातून उत्तरेकडे पायी चालवत नेले. त्या वाटेवर आणि नंतरच्या छावण्यांत हजारो मेले. या कैदेची हकिकत शिशिर सर्बाधिकारी या बंगाली तरुणाने पुढे ‘अभी ले बगदाद’ या नावाने लिहून ठेवली. ती १९५७ साली छापली गेली. त्याच रस्त्याने चाललेल्या सातारच्या किंवा कोकणातल्या शिपायाचे बोल असे घरोघरी पोचले नाहीत. मागे राहिल्या त्या गावच्या वेशीजवळच्या संगमरवरी पाट्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ ही उपाधी मिळाली ती अशाच हिशेबातून; त्या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. आकडा आहे. आवाज नाही.

पुष्कळांच्या बाबतीत तर नावदेखील नाही. राष्ट्रकुलातील सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतले किमान १,१६,००० सैनिक आणि कामगार असे आहेत, की ज्यांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत किंवा ज्यांची आठवणच ठेवली गेली नाही, अशी कबुली त्यात आहे. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकेल, असेही त्यात म्हटले आहे. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेल्या माफीला मोल नाही असे नाही. पण तोवर ते नाव घेऊन रडणारेही कुणी उरले नव्हते.

याच संदर्भात दुसऱ्या एका माहितीपटाची आठवण होते. ‘द हाफमून फाइल्स’ हा जर्मन दिग्दर्शक फिलिप शेफनर यांचा माहितीपट २००७ सालचा. बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फ इथे युद्धकैद्यांची एक छावणी होती. तिथे जर्मन विद्वान ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेले आणि हिंदी कैद्यांना एकेक करून कर्ण्यापुढे उभे केले. हेतू एवढाच, की त्यांच्या निरनिराळ्या बोलींचे नमुने मिळावेत. मल सिंग नावाचा पंजाबी शिपाई ११ डिसेंबर १९१६ रोजी त्या यंत्रापुढे उभा राहिला आणि मिनिटभर बोलला. ‘मी’ असे न म्हणता तो ‘एक माणूस होता’ अशी गोष्ट सांगितल्यासारखे बोलतो. हा माणूस हिंदुस्थानात लोणी खायचा, मग तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनीने त्याला पकडले, आता त्याला घरी जायचे आहे, आणखी दोन वर्षे इथे काढावी लागली तर तो मरेल. विद्वानांना त्याचे उच्चार हवे होते, ते मिळाले. तो काय म्हणतो आहे, हा त्यांचा विषय नव्हता. तबकडी नीट नोंद करून कपाटात गेली. आवाज जपला गेला, पण ऐकला गेला नाही. केवळ यंत्र असून भागत नाही, समोर ऐकणारे माणूस लागते, हे त्या मिनिटभराच्या आवाजाने मला शिकवले.

शंभर वर्षांपूर्वीचे गेले ते गेले. त्यांच्याबद्दल हळहळून आता काही होणार नाही. पण हिशेब करून पाहा. १९७१च्या युद्धात जो जवान विशीचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६५ला विशीत असलेला ऐंशीच्या आसपास. १९६२चा त्याच्याही पुढे. म्हणजे बीबीसीचे लोक ज्या वयाच्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसले होते, ते वय आपल्या सैनिकांनी आज गाठले आहे किंवा मागे टाकले आहे. ही मंडळी आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत, आपल्या भावकीत आहेत. सकाळी दूध आणायला जाताना ती आपल्याला भेटतात.

आमच्या इमारतीत असेच एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले, एकाहत्तरला पूर्व आघाडीवर होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. हा माहितीपट मी दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांना मुद्दाम बोलावले. इंग्रजी त्यांना फारसे कळत नाही. मी अधूनमधून सांगत होतो, पण त्याची गरज नव्हती. सडलेल्या पायांचे दृश्य आले तशी ते खुर्चीत पुढे सरकले. संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मी विचारले, “आबा, तुमच्या वेळी असंच होतं का हो?” तर म्हणाले, “पाय भिजलं की माणूस निम्मा संपतो बगा. आमी रात्री मोजं पोटाशी धरून वाळवायचो.” आणि मग, थोड्या वेळाने, “लढाई करून गावाकडं आलो, तर समद्यांनी एकच इचारलं, किती मारलं? जेवला का, झोपला का, सोबतचा कोन गेला का, ह्ये कुनीच इचारलं न्हाई.” त्यानंतर चहा होईपर्यंत ते आपल्या तुकडीतल्या एका स्वयंपाक्याविषयी बोलत राहिले. त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. पन्नाशीचा गृहस्थ, तो हे पहिल्यांदाच ऐकत होता.

मला वाटते, या माहितीपटाचा दुसरा धडा इथे आहे, आणि तो घरात बसून गिरवता येण्याजोगा आहे. शिपायाला काय विचारायचे, हेच आपल्याला समजलेले नसते. आपण शौर्य विचारतो; त्याला सांगायचा असतो चिखल. आपण आकडा विचारतो. त्याला सांगायचे असते नाव. जॅक्सन यांच्या माहितीपटात सगळ्यांत बोलके आवाज येतात ते जेवण, बूट, चहा, पत्रे, झोप यांच्या प्रश्नांनी. तेव्हा प्रश्न साधेच विचारावेत. पहिल्या दिवशी काय खाल्ले? घरचे पत्र किती दिवसांनी येई? वाचून कोण दाखवी? शेजारी कोण झोपे? सुट्टीवर आलात तेव्हा गाव कसे वाटले? आता तर प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि त्यात ध्वनिमुद्रणाची सोय आहे. लंडनच्या म्युझियमला ज्यासाठी यंत्रे आणि माणसे पाठवावी लागली, ते काम आज नातवंड सहज करू शकेल. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत, गावोगाव महाविद्यालये आहेत, त्यांत इतिहासाचे वर्ग आहेत, राष्ट्रीय छात्रसेना आहे. एका महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातले वीस म्हातारे जवान जरी एका वर्षात ऐकले, त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे, तरी केवढे काम होईल! आणि केवळ जवानच नव्हे. जिने मनिऑर्डरीवर घर चालवले आणि तारवाल्याची सायकल दिसली की जिचा जीव वरखाली होई, त्या बाईनेही ते युद्ध काढलेले असते. तिलाही विचारायला हवे.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. ज्याला बोलायचे नसेल त्याच्या मागे लागू नये. हॅरी पॅच हे पहिल्या महायुद्धातले इंग्रज शिपाई. खंदकात लढलेल्या ब्रिटिश सैनिकांतले ते शेवटचे. २००९ साली, वयाच्या १११व्या वर्षी ते वारले. शंभरीला येईपर्यंत ते युद्धाविषयी बोललेच नव्हते. काही जखमा बोलल्याने हलक्या होतात, काही उघड्या पडतात. ऐकायला आपण तयार आहोत एवढे त्या माणसाला कळले पाहिजे. बोलायचे की नाही, हे त्याने ठरवावे.

यावर कुणी म्हणेल, की असल्या करुण कहाण्या ऐकवल्या तर पोरांचे मन कच्चे होईल, उद्या सैन्यात जाणार कोण? हा आक्षेप मी अगदीच उडवून लावणार नाही. देशाला सैनिक लागतात आणि ते लागणारच. पण याच माहितीपटातले काही म्हातारे स्पष्ट सांगतात, की गेलो याचा पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तरी जाऊ. जॅक्सन यांनी ती वाक्ये कापलेली नाहीत, उलट सुरुवातीलाच ठेवली आहेत. सोबत्याचा हात सोडायचा नाही, एवढ्यासाठी सामान्य माणूस केवढे सोसतो, हे पाहून सैनिकाविषयीचा आदर वाढतो, कमी होत नाही. कमी होते ती घरबसल्या युद्ध मागण्याची हौस. मोबाइलवरच्या खेळात मेलेला शिपाई बटण दाबताच उठून उभा राहतो. त्या खेळावर वाढणाऱ्या पोराला, मेलेला पुन्हा उठत नाही, हे एकदा दिसलेले बरे. या माहितीपटात प्रेते आहेत, जखमा आहेत. तेव्हा लहानग्यांना तो दाखवू नये. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी तो जरूर पाहावा, आणि आईवडिलांनी शेजारी बसून पाहावा. संपल्यावर लगेच दूरचित्रवाणीचा दुसरा कार्यक्रम लावू नये. थोडे गप्प बसावे. मुले आपणहून विचारू लागतात.

लोकशाहीत युद्धाचा निर्णय सरकार घेते. पण सरकारच्या पाठीशी उभे राहते ते जनमत, आणि ते जनमत म्हणजे तुम्ही-आम्ही. ज्याने शिपायाचे बोलणे कधी ऐकलेलेच नाही, त्याचे मत आरोळ्यांवर बनते. ज्याने ऐकले आहे तोही वेळ आली तर युद्धाला संमती देईल, पण ती देताना त्याच्या डोळ्यांपुढे त्या खोलगट वाटेत बसलेली पोरे असतील. एवढा फरक पडला तरी पुष्कळ झाले.

त्या माहितीपटाचे नाव म्हणते, की ते कधी म्हातारे होणार नाहीत. जे रणात राहिले त्यांच्यापुरते हे खरे आहे. त्यांचे वय तिथेच थांबले. पण जे परत आले ते म्हातारे होतात. त्यांचे गुडघे दुखतात, कान जातात, आठवणी एकमेकींत मिसळू लागतात, आणि एके दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. त्याआधी त्यांच्याशेजारी जाऊन बसायला आपल्याला फार दिवस उरलेले नाहीत.